गुंगी निराळी, वेदनाशमन निराळे : श्वानांच्या भुलीचे मोजमाप

महाराष्ट्राच्या आग्नेय टोकाला, प्राणहितेच्या काठी सिरोंचा हे तालुक्याचे गाव वसले आहे. येथून थोड्याच अंतरावर प्राणहिता गोदावरीला मिळते. पैलतीरी तेलंगणातील काळेश्वरचे क्षेत्र आहे, तर पूर्वेस इंद्रावती ओलांडली की छत्तीसगडची हद्द सुरू होते. मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया या भाषा येथील बाजारात एकाच दिवशी कानी पडतात. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून सिरोंचा त्या जिल्ह्यात आहे. तथापि जिल्ह्याचे ठिकाणही येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

अशा वनप्रदेशात कुत्रा हा हौसेचा प्राणी नसतो. घराची राखण, शेळ्यामेंढ्यांची सोबत, रात्री मळ्यात येणाऱ्या रानडुकरांची चाहूल ही त्याची नित्याची कामे होत. साहजिकच जखमाही त्याच्याच वाट्याला अधिक येतात. रानडुकराच्या सुळ्याने फाटलेली मांडी, बिबट्याच्या झटापटीत झालेले मानेवरचे घाव, वाहनाखाली सापडून मोडलेला पाय अशा अवस्थेत जनावर पशुवैद्यकीय दवाखान्यात आणले जाते. दुसरीकडे, भटक्या श्वानांचे निर्बीजीकरण आणि रेबीज प्रतिबंधक लसीकरण यांची जबाबदारी १० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपविली आहे. जखमेला टाके घालणे असो की निर्बीजीकरण, दोन्ही कामे भुलीवाचून होऊ शकत नाहीत.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. भूल दिल्यानंतर कुत्रा निपचित पडला, म्हणजे त्याची वेदना थांबली असे समजावे काय? पशुवैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. निपचित पडणे ही एक गोष्ट आणि वेदना न होणे ही दुसरी. या दोहोंचे मोजमाप वेगवेगळे करावे लागते.

भुलीची तीन अंगे

सामान्य व्यवहारात आपण ज्याला भूल म्हणतो तिच्यात तीन गोष्टी सामावलेल्या असतात. पहिली गुंगी किंवा निद्रा, दुसरी वेदनाशमन आणि तिसरी स्नायूंचे शैथिल्य. उत्तम भुलीत ही तिन्ही अंगे पुरेशा प्रमाणात असावी लागतात. परंतु प्रत्येक औषध तिन्ही कामे करतेच असे नाही.

ॲसेप्रोमाझिनचे उदाहरण घ्या. या औषधाने कुत्रा शांत होतो, डोळे जड होतात, आजूबाजूच्या हालचालींकडे तो फारसे लक्ष देत नाही. पण वेदना कमी करण्याचा गुण या औषधात जवळजवळ नाही. डायझेपामचेही तसेच. त्याने स्नायू सैल पडतात व भीती ओसरते, वेदना मात्र राहते. अशा औषधाच्या अमलाखाली असलेल्या जनावरास दुखते, परंतु ते सांगण्याची त्याची शक्ती मंदावलेली असते, एवढेच.

झायलाझिन हे भारतातील पशुवैद्यकीय दवाखान्यांत सर्रास वापरले जाणारे औषध. जर्मनीत १९६२ मध्ये ते तयार झाले, ते माणसाचा रक्तदाब कमी करण्याच्या हेतूने. पुढे त्याचा उपयोग जनावरांपुरताच राहिला. हे औषध गुंगी आणते आणि वेदनाही कमी करते. परंतु त्याच्या या दोन गुणांची मुदत सारखी नाही. गुंगी एक ते दोन तास टिकते, तर वेदनाशमन साधारणपणे पंधरा ते तीस मिनिटेच टिकते. म्हणजे औषध दिल्यानंतर पाऊण तासाने कुत्रा झोपलेला दिसतो, पण त्याची वेदना परत आलेली असते. त्या वेळी घातलेला टाका त्याला बोचतो.

केटामाइनचे स्वरूप आणखी निराळे आहे. हेही औषध १९६२ मध्येच, पण अमेरिकेत तयार झाले आणि १९७० मध्ये तेथे माणसांसाठी मान्य झाले. ते वेदना चांगली कमी करते. मात्र कुत्र्यास ते एकटे दिल्यास स्नायू ताठरतात, प्रसंगी झटके येतात. म्हणून ते झायलाझिन किंवा डायझेपामच्या जोडीने देण्याचा प्रघात आहे. केटामाइनच्या अमलाखाली डोळे उघडे राहतात, पापणी लवते आणि गिळण्याची क्रियाही चालू राहते. पाहणाऱ्यास जनावर जागे असल्याचा भास होतो. म्हणजे झायलाझिनखाली झोपलेला दिसणारा कुत्रा वेदना भोगत असू शकतो आणि केटामाइनखाली जागा दिसणारा कुत्रा वेदनामुक्त असू शकतो. केवळ डोळ्यांनी पाहून केलेला अंदाज दोन्ही बाजूंनी फसवा ठरतो.

गोदावरीपलीकडचा एक धडा

भुलीखालील कुत्र्यात नेमके काय मोजावे, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. १८६० मध्ये गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि त्याचा अप्पर गोदावरी हा जिल्हा करण्यात आला. त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा होते. १८७४ मध्ये सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडले गेले. नदीपलीकडचा प्रदेश मात्र निजामाच्या राज्यातच राहिला. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेस, १८८८ आणि १८८९ या दोन वर्षांत श्वानांवर जे प्रयोग झाले ते वैद्यकाच्या इतिहासात हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग या नावाने ओळखले जातात.

क्लोरोफॉर्मचा भुलीसाठी वापर १८४७ मध्ये एडिंबरा येथे सुरू झाला होता. त्याने काही रुग्ण अचानक दगावत. मृत्यू श्वास थांबल्याने होतो की हृदय थांबल्याने, यावर डॉक्टरांत तीव्र मतभेद होते. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे श्वासाकडे लक्ष ठेवणाऱ्या पंथाचे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने त्यांनी १८८८ मध्ये पहिला आयोग नेमून श्वानांवर प्रयोग केले आणि श्वास हृदयाच्या आधी थांबतो असा निष्कर्ष काढला. लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा निजामाने एक हजार पौंडांची रक्कम देऊ करून इंग्लंडमधून तज्ज्ञ बोलाविला. त्यानुसार लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये हैदराबादेस आले. दुसऱ्या आयोगाने कुत्रे, माकडे आदी चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांतील अनेकांच्या रक्तदाबाच्या रेषा यंत्राने कागदावर उमटविण्यात आल्या. ब्रंटन यांचे पूर्वीचे मत बदलले आणि आयोगाने पुन्हा श्वासाच्याच बाजूने कौल दिला.

एवढ्या परिश्रमांनंतरही तो निष्कर्ष अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनॅलिन वाढले, तर हृदयाचे ठोके एकाएकी विस्कटतात आणि ते बंद पडते. हैदराबादच्या प्रयोगांत प्रामुख्याने क्लोरोफॉर्मच्या अतिरिक्त मात्रेचा परिणाम पाहिला गेला होता. खरा धोका हलक्या भुलीतही दडलेला होता, आणि तो त्या मोजमापाच्या कक्षेत आलाच नाही. मोजणी कितीही काटेकोर असली तरी मोजायची बाबच चुकली तर उत्तर चुकते, हा त्यातून मिळालेला धडा होय. श्वासावर लक्ष ठेवण्याची शिस्त मात्र त्या आयोगाने दृढ केली आणि ती आजही मोलाची आहे.

गुंगी कशी मोजतात

आज गुंगीच्या मापनासाठी गुणश्रेणी वापरली जाते. श्वानांसाठी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि २०१७ मध्ये अधिक कसोशीने पडताळून पाहिलेली एक श्रेणी सर्वत्र परिचित आहे. तिच्यात सात बाबी पाहिल्या जातात. कुत्रा उभा आहे, बसला आहे की आडवा पडला आहे; पापणीच्या कडेला हलका स्पर्श केल्यास ती लवते काय; बुबुळ मध्यभागी आहे की खाली वळले आहे; जबडा आणि जीभ किती सैल आहेत; टाळी वाजविल्यास तो कान टवकारतो काय; कुशीवर निजविताना विरोध करतो काय; आणि एकंदर वागणूक कशी आहे. प्रत्येक बाबीस ठरावीक गुण असून त्यांची बेरीज शून्यापासून २१ पर्यंत होते. शून्य म्हणजे पूर्ण जागा आणि २१ म्हणजे गाढ गुंगी.

या पद्धतीचा लाभ असा की, दोन निरीक्षक एकाच कुत्र्याकडे पाहून एकमेकांच्या जवळचे उत्तर देऊ शकतात. 'बऱ्यापैकी गुंगीत आहे' या वाक्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात निराळा असतो. गुणांचा आकडा मात्र केसपेपरावर राहतो आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या डॉक्टरांनाही वाचता येतो.

वेदना कशी मोजतात

वेदनेचे मापन अधिक अवघड आहे. माणसाला दुखते किती असे विचारता येते. मुक्या जनावराची वेदना त्याच्या वागण्यातून वाचावी लागते. हृदयाचे ठोके आणि श्वास मोजले की काम भागेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु भीतीनेही ठोके वाढतात, झायलाझिनने ते मंदावतात आणि केटामाइनने पुन्हा वाढतात. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये दवाखान्यात दाखल असलेल्या कुत्र्यांचा अभ्यास करून ठोक्यांची व श्वासाची गती ही वेदनेची भरवशाची खूण नसल्याचे दाखविले.

त्याच विद्यापीठात २००१ मध्ये वागणुकीवर आधारलेली वेदनाश्रेणी तयार झाली आणि २००७ मध्ये तिचे संक्षिप्त रूप प्रसिद्ध झाले. त्यात सहा बाबी आहेत. कुत्रा कण्हतो किंवा विव्हळतो काय. जखमेकडे वळून पाहतो, ती चाटतो वा चावतो काय. उठून चालताना लंगडतो किंवा चालण्यास नकार देतो काय. जखमेच्या सभोवती हलक्या हाताने दाबल्यास अंग आकसतो, गुरगुरतो की चावावयास धावतो. त्याची वृत्ती आनंदी आहे की खिन्न. आणि तो सैलपणे पडला आहे की पाठीला बाक आणून ताठरला आहे. या सर्वांची बेरीज जास्तीत जास्त २४ होते. पाय मोडल्यामुळे चालविणे शक्य नसेल तर ती बाब वगळून एकूण २० धरतात. २४ पैकी ६ किंवा २० पैकी ५ गुण झाले की वेदनाशामक द्यावयाचा किंवा वाढवावयाचा, असा या श्रेणीचा दंडक आहे. डॉक्टरांच्या अंदाजाला या आकड्याने एक निश्चित उंबरठा दिला.

ही श्रेणी शुद्धीवर आलेल्या कुत्र्यासाठी आहे. शस्त्रक्रिया चालू असताना निराळी खूण पाहतात. पंजाच्या बोटांमधील पातळ त्वचा शस्त्रक्रियेच्या चिमट्याने क्षणभर दाबतात. वेदनाशमन पुरेसे असेल तर पाय मागे ओढला जात नाही. पाय ओढला गेला, ठोके एकदम वाढले किंवा श्वास जोराने होऊ लागला, तर सुरी थांबवावयाची असते.

समजा, एका कुत्र्यास केवळ झायलाझिन देऊन जखम शिवावयास घेतली. पंधराव्या मिनिटास गुंगीचे गुण भरपूर आहेत आणि चिमट्याने पाय हलत नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटास गुंगीचे गुण जवळपास तेवढेच आहेत, पण चिमटा लावताच पाय मागे जातो. केवळ पहिला रकाना ठेवला असता तर दोन्ही वेळा कागदावर सारखाच आकडा दिसला असता. दुसरा रकाना ठेवल्यामुळे, आता वेदनाशमनाची पुन्हा तजवीज केली पाहिजे, हे उघड झाले. दोन रकाने ठेवण्याचे सारे प्रयोजन या एका ओळीत आले आहे.

गुंगी उतरविणाऱ्या औषधाबाबतही हाच विचार लागू पडतो. झायलाझिनचा अंमल योहिंबिन किंवा ॲटिपामेझोल देऊन संपविता येतो व कुत्रा लवकर उठून उभा राहतो. परंतु हे औषध गुंगीसोबत झायलाझिनने दिलेले वेदनाशमनही पुसून टाकते. म्हणून त्यापूर्वीच दुसऱ्या जातीचे वेदनाशामक दिलेले असणे आवश्यक असते. जखमेच्या जागी लिग्नोकेन टोचणे, ब्युटॉर्फॅनॉलसारखे औषध देणे आणि सूज कमी करणारे मेलॉक्सिकॅम देणे हे त्यासाठीचे परिचित मार्ग आहेत. कोणते औषध किती द्यावयाचे हे जनावराचे वजन, वय व प्रकृती पाहून पशुवैद्यकच ठरवितात.

दूरच्या दवाखान्यात हे शक्य आहे काय

मोठ्या शहरांतील रुग्णालयांत रक्तातील प्राणवायू व हृदयालेख दाखविणारी यंत्रे असतात. १९५८ मध्ये स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय विदर्भातील अशा शिक्षणाचे केंद्र असून २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा ते भाग आहे. परंतु गुणश्रेणीसाठी यंत्र लागत नाही. छापील कागद, पेन्सिल आणि सेकंदकाट्याचे घड्याळ एवढ्यावर ती भरता येते. औषध देण्यापूर्वी एकदा आणि नंतर ठरावीक मिनिटांनी पुन्हा, शक्यतो एकाच व्यक्तीने निरीक्षण करावयाचे. त्याच कागदावर नाडी, श्वास, गुदद्वाराचे तापमान आणि हिरडीचा रंग नोंदवावयाचा. हिरडीवर बोट दाबून सोडले असता दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यावयास हवा. विलंब लागला तर रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजतात.

तापमानाची नोंद सिरोंचासारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाची आहे. कुत्र्याचे शरीर साधारणपणे ३८ ते ३९ अंश सेल्सियस तापमानाचे असते. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंग थंड ठेवतो. गुंगीत हे धापा टाकणे थांबते. वैशाख-ज्येष्ठातील कडक उन्हात गुंगीतील कुत्रा पत्र्याच्या छपराखाली ठेवल्यास त्याचे अंग पाहता पाहता तापते. उलट, पौषातील पहाटे तेच अंग गार पडते. त्यामुळे उन्हाळ्यात शस्त्रक्रिया सकाळी उरकणे, सावली, ओला कपडा व वारा यांची सोय ठेवणे, हिवाळ्यात पोते अंथरणे या साध्या उपायांना औषधाइतकेच मोल आहे.

केटामाइनचा गैरवापर होऊ लागल्यामुळे २०१३ मध्ये ते औषध नियमांच्या एक्स अनुसूचीत घालण्यात आले. त्याच्या साठ्याची व वापराची काटेकोर नोंद ठेवावी लागते. मोजमापाची सवय असलेल्या दवाखान्यास ही नोंद जड जात नाही.

मालकाने काय पाहावे

जनावर घरी नेल्यानंतर निरीक्षणाचे काम मालकाकडे येते. वेदनाश्रेणीतील खुणा समजण्यासाठी शिक्षणाची अट नाही. आपल्या कुत्र्याची रोजची वागणूक ठाऊक असणे पुरे. हाक मारल्यावर शेपटी हलविणारा कुत्रा कोपऱ्यात तोंड करून पडला, अन्नाला तोंड लावेनासा झाला, जखम सारखी चाटू लागला, पाठीत वाकून उभा राहू लागला किंवा घरच्या माणसावर गुरगुरू लागला, तर ती वेदनेची भाषा समजावी व दवाखान्याशी संपर्क साधावा.

भुलीच्या दिवशी काही पथ्ये पाळावीत. डॉक्टरांनी सांगितले असेल त्याप्रमाणे कुत्रा उपाशी ठेवावा, कारण झायलाझिनने कुत्र्यास उलटी होते. गुंगीत असताना त्याचे तोंड बांधून ठेवू नये. उलटी घशात अडकण्याची भीती असते. त्याच्याजवळ आरडाओरडा करू नये. गुंगीतील कुत्राही अचानक आवाजाने किंवा स्पर्शाने दचकून चावू शकतो. कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब आरोग्य केंद्रात लस घ्यावी.

घरातील माणसांच्या गोळ्या कुत्र्यास देणे हा सर्वांत घातक उपाय होय. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. या भागात या विषयास आणखी एक बाजू आहे. ज्या गुरांना मृत्यूपूर्वी डायक्लोफेनॅक दिलेले असते त्यांचे मांस खाऊन गिधाडे मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पुढे २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन आणि डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाइड यांच्यावरही तशीच बंदी घालण्यात आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस सुरक्षित असल्याचे आढळले आहे. गडचिरोलीच्या जंगलात गिधाडांच्या संवर्धनाचे प्रयत्न झालेले आहेत, हे लक्षात घेता दवाखान्याच्या कपाटातील वेदनाशामकाची निवड ही वनसंरक्षणाचीही बाब ठरते.

कायदा आणि कर्तव्य

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम प्राण्यांवरील प्रयोगांबाबत असे बंधन घालतो की, शस्त्रक्रियेचा समावेश असलेले प्रयोग शक्य तोवर वेदना जाणवू न देण्याइतपत प्रभावी भुलीखाली व्हावेत. प्रयोगशाळेतील प्राण्यासाठी कायद्याने जे मानले, ते गावच्या राखणदारास दवाखान्यात मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. 'प्रभावी' या शब्दाला अर्थ येतो तो मोजमापाने. भूल दिली, एवढी नोंद पुरेशी नाही. ती वेदनेस पुरली काय, हे नोंदविले गेले पाहिजे.

निर्बीजीकरणाच्या मोहिमेत एका दिवसात अनेक शस्त्रक्रिया होतात. तेथे घाईमुळे निपचित कुत्रा आणि वेदनामुक्त कुत्रा यांतील भेद सहज नजरेआड होतो. केसपेपरावर गुंगीच्या रकान्याशेजारी वेदनेचा आणखी एक रकाना छापणे, आणि तो प्रत्येक कुत्र्यामागे भरणे, यास फारसा खर्च येत नाही. वेदनेवाचून बरे झालेले जनावर लवकर खाऊ लागते, टाके ओरबाडत नाही आणि माणसावर धावून जात नाही. त्याच्या मालकाचाही दवाखान्यावरील विश्वास वाढतो, आणि पुढच्या वेळी तो लसीकरणासाठी जनावर स्वतःहून घेऊन येतो.